चोवीस मिलिमीटरचा मावळा : पोशाखाआधी पवित्रा

येऊरपायथा (ठाणे)

नमस्कार.

गेली सहा वर्षे मी वसंत विहारमधील आमच्या सोसायटीच्या आवारात मुलांना हाताशी घेऊन दिवाळीचा किल्ला बांधतो आहे आणि त्यांपैकी शेवटची तीन वर्षे किल्ल्यावरची माणसेही घरीच घडवतो आहे. घडवतो म्हणजे मातीतून नव्हे. परदेशी कंपन्यांचे १:७२ मापाचे प्लास्टिकचे सैनिक विकत घ्यायचे, त्यांना कापायचे, जोडायचे, त्यांच्यावर पुटी चढवायची आणि रंगवून त्यांचे मावळे करायचे. आमच्या घरात या उद्योगाला ‘वेषांतर’ म्हणतात, आणि तो शब्दच मुळात चुकीचा आहे असे मला आता वाटू लागल्यामुळे हा चर्चेचा धागा काढला आहे.

आधी मापाविषयी थोडे. जांभळी नाक्याच्या बाजारात दिवाळीत मिळणारा मावळा साधारण दहा सेंटिमीटर उंच असतो. खरा माणूस १७० सेंटिमीटरचा धरला, तर हे माप १:१७ पडते. म्हणजे मीटरभर उंचीचा आपला किल्ला त्याच्या हिशेबाने सतरा मीटरचा, एखाद्या पाच मजली इमारतीएवढा ठरतो आणि मावळ्याचे मुंडासे महादरवाजाच्या कमानीला टेकते. १:७२ मध्ये तोच माणूस जेमतेम चोवीस मिलिमीटरचा होतो आणि तोच मातीचा ढीग बहात्तर मीटरचा कडा होतो. गेल्या वर्षी आम्ही आपल्याच जिल्ह्यातला माहुली निवडला होता. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये मोगलांकडे गेलेला हा किल्ला १६७० मध्ये परत स्वराज्यात आला. संपूर्ण डोंगर मापात बांधायचा तर तो बारा मीटर उंच झाला असता, म्हणून एकच कडा आणि त्यावर चढणारी तीस माणसे एवढेच दृश्य ठरवले.

चूक झाली ती इथे. मी नेपोलियनच्या काळातील फ्रेंच पायदळाचा एक डबा आणला, नऊ सैनिकांच्या टोप्या छाटल्या, एम-सीलची मुंडाशी वळली, कोटाच्या शेपट्या भरून अंगरख्याचा घेर केला, पाठीवरची पडशी उतरवली आणि प्रत्येकाला तीन-तीन संध्याकाळी देऊन रंगवले. काम स्वच्छ झाले होते. तळमजल्यावरच्या आजींनी चष्मा वर करून ते पाहिले आणि म्हणाल्या, “छान आहेत, पण हे मुंडासे बांधलेले साहेब दिसतात.”

आजींचे बरोबर होते, आणि का बरोबर होते हे समजायला मला पुढचे आठ महिने लागले. त्या सैनिकांचे गुडघे ताठ होते, टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या, पाठीचा कणा ओळंब्यात होता आणि दोन्ही खांदे एका रेषेत होते. रांगेत, खांद्याला खांदा लावून, ढोलाच्या ठेक्यावर सपाट मैदानातून चालायला शिकवलेले ते शरीर आहे. कड्यावर चढणारा माणूस असा उभाच राहू शकत नाही, मग त्याच्या डोक्यावर काहीही बांधा.

उत्तर मिळाले ते जुलैमध्ये, रात्री साडेनऊला, गोविंदा पथकाच्या सरावात. आमच्या मागच्या मैदानात पथक थर लावत असताना मी कठड्यावर बसून खालच्या थरातल्या आणि चढणाऱ्या मुलांची रेखाटने केली. चढणाऱ्याचा गुडघा कधीच पूर्ण सरळ होत नाही, वजन चवड्यावर असते, कंबर मागे आणि छाती पुढे असते, एक खांदा दुसऱ्यापेक्षा नेहमी खाली असतो आणि मान वर पाहण्यासाठी मागे मोडलेली असते. आपल्याकडे दांडपट्टा फिरवणारे आणि कुस्तीगीर ज्याला पवित्रा म्हणतात तो हाच. मग मी मुंडासे असलेली माणसे शोधणे सोडून दिले आणि हा पवित्रा असलेली माणसे शोधू लागलो. ती सापडली झुलू योद्ध्यांच्या संचात. एस्की या कंपनीने काढलेल्या आणि पुढे इटालेरी कंपनीनेही विकलेल्या या संचात अनवाणी, वाकलेल्या गुडघ्यांची, धावताना पुढे झुकलेली माणसे आहेत. १८७९ च्या आफ्रिकेतील युद्धाचा हा संच माहुलीच्या कड्यावर जितका शोभला तितका ‘पूर्वेकडचे’ म्हणून विकला जाणारा कोणताही संच शोभला नाही. लांबट ढाली कापून टाकाव्या लागतात, उघड्या अंगावर अंगरखा चढवावा लागतो, डोके बदलावे लागते. काम दुप्पट आहे, पण माणूस पहिल्या दिवसापासून चढत असतो.

माझ्या दोन अडचणी आहेत. पाय आणखी दुमडण्यासाठी गुडघ्यामागे खाच घेतली की हे मऊ प्लास्टिक काही दिवसांनी पुन्हा सरळ होऊ पाहते. शिवाय घोट्याजवळचा रंग कवचासारखा सुटतो. जाणकारांनी सांगावे.

ठासणी (नौपाडा)

धागा आवडला, मात्र एका विधानाला हरकत घेतो. पवित्रा महत्त्वाचा आहे हे मान्य, पण पोशाखाला दुय्यम ठरवले की पुढे काय होते हे मी अनेक दिवाळी किल्ल्यांवर पाहिले आहे. शिवकाळातल्या मावळ्याच्या डोक्यावर पुणेरी पगडी चढवलेली असते, आणि ती चढवणाऱ्याला आपण काही शतकांची गल्लत केली आहे याचा पत्ताही नसतो.

शिवकाळातील पोशाख ठरवताना मी आधी समकालीन चित्रे पाहतो. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममधील महाराजांचे चित्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे, आणि त्यातील पागोट्याची ठेवण चपटी, डोक्याला लागून बसणारी आहे हे सहज दिसते. पेशवाईच्या उत्तरार्धासाठी मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे आहेत आणि १७९० च्या दशकात पुण्यात काम केलेल्या जेम्स वेल्सची चित्रे आहेत. त्या शंभर-सव्वाशे वर्षांत पागोट्याचा आकार, अंगरख्याची लांबी, सगळेच बदलले आहे. ही चित्रे अर्थातच थोरामोठ्यांची आहेत. साध्या मावळ्याला त्याहून साधे ठेवावे. गुडघ्यापर्यंतचा चोळणा, आखूड अंगरखा किंवा नुसती बंडी, कमरेला घट्ट गुंडाळलेला शेला आणि पाय उघडे किंवा वहाणा घातलेले, एवढे पुरते.

शस्त्रांच्या बाबतीत मापाचा हिशेब करावा ही विनंती. फिरंगेचे, म्हणजे लांब सरळ तलवारीचे, पाते सुमारे नव्वद सेंटिमीटर धरले, तर आपल्या मापात ते साडेबारा मिलिमीटर होते. पट्ट्याचे पाते मीटरभर धरले तर चौदा. स्टेपलरची पिन ऐरणीवर ठोकून चपटी केली की दोन्ही होतात. पट्ट्याला मनगटाच्या वरपर्यंत जाणारा खोबळा (हात झाकणारी धातूची मूठ) असतो, तो विसरू नये. नुसती लांब तलवार हातात दिली म्हणजे पट्टा होत नाही. बंदूक तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, हवी. फ्रेंच सैनिकाच्या हातातली चकमकीची बंदूक, तीही संगिनीसकट, शिवकाळात ठेवलीत तर आजींनी नाही तरी मी ती ओळखेन.

येऊरपायथा

ठासणी, आपली हरकत रास्त आहे आणि संगीन मी छाटली होती हे नम्रपणे नोंदवतो.

तरीही मुद्दा सोडत नाही. पोशाखाची चूक माहीतगाराला दिसते. पवित्र्याची चूक कोणालाही दिसते, फक्त काय चुकले ते त्याला सांगता येत नाही. आजींना चकमक आणि तोडा यांतला फरक माहीत नव्हता.

भाल्याविषयी एक अनुभव जोडतो. मी सुरुवातीला खराट्याचे हीर वापरले. हिराचा मधला भाग सुमारे एक मिलिमीटर जाड असतो, म्हणजे बहात्तर मिलिमीटरचा दांडा. इतका जाड की मावळ्याने तो खांद्यावरून वासा नेतो तसा नेला असता. टोकाकडचा निमुळता भागच तेवढा उपयोगी पडतो. आता मी जुन्या विजेच्या वायरीतून निघणारी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तांब्याची तार, काचेच्या दोन तुकड्यांत घोळवून सरळ करून, वापरतो.

ढालीची युक्ती मुलीने शोधली. कार्यालयातल्या पंचिंग मशीनचे छिद्र साधारण सहा मिलिमीटरचे असते. श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाला ते मारले की जी टिकली पडते ती १:७२ मध्ये त्रेचाळीस सेंटिमीटरची गोल ढाल होते. ती खोडरबरावर ठेवून बॉलपेनच्या मागच्या टोकाने दाबली की फुगवटाही येतो. वर पितळी रंगाचे चार ठिपके दिले की ढालीची चार फुले झाली.

मेणकोरणी (खारघर)

मी दातांच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ आहे. दिवसभर मेण आणि अ‍ॅक्रिलिक, रात्री सैनिक. आपल्या पहिल्या अडचणीचे उत्तर माझ्या धंद्यात आहे.

सर्वप्रथम प्लास्टिक ओळखा. ज्या चौकटीवर सैनिक चिकटून येतात तिचा एक तुकडा साबणाच्या पाण्याचा थेंब टाकलेल्या वाटीत सोडा. तरंगला तर ते पॉलिथीन आहे. बुडाला तर बहुधा पॉलिस्टायरीन किंवा दुसरे काही आहे. पॉलिस्टायरीन द्रावणाने विरघळते, म्हणून त्याच्यावर प्लास्टिक सिमेंट चालते; दोन पृष्ठभाग वितळून एक होतात आणि सांधा मूळ प्लास्टिकइतका पक्का होतो. पॉलिथीन कशालाच दाद देत नाही. फेवीक्विक त्याच्यावर पकडल्यासारखे दाखवते आणि आठवड्याने जखमेची खपली निघावी तसे निघते.

त्यामुळे पॉलिथीनला गोंदाने नव्हे, उष्णतेने आणि तारेने जोडायचे. पॉलिथीन प्रकारानुसार साधारण १०५ ते १३५ अंश सेल्सिअसला वितळते. उकळत्या पाण्यात ते फक्त नरम होते, म्हणून पाण्यात वाकवलेला पाय काही दिवसांनी जुनी सवय आठवतो. आपली खाच पुन्हा उघडते ती याचमुळे. मी असे करतो : गुडघ्यामागे पाचर काढायची, मांडीतून पोटरीपर्यंत तापवलेल्या सुईने भोक पाडायचे, त्यात आधीच हव्या कोनात वाकवलेली पितळी तार बसवायची, मग स्पिरिटच्या दिव्यावर तापवलेले पातळ पाते खाचेत क्षणभर ठेवून काढायचे आणि दोन्ही कडा दाबून धरायच्या. कडा एकमेकींत मिसळतात आणि आकार तार धरून ठेवते. पाते लाल होऊ देऊ नका; धूर निघाला म्हणजे ते जास्त तापले. खिडकी उघडी आणि पंखा सुरू असावा.

कापण्यासाठी कागद कापायचा कटर वापरत असाल तर तो सोडा. शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानात अकरा नंबरचे पाते आणि त्याला बसणारी तीन नंबरची मूठ मिळते. दोन्ही स्वस्त आहेत. पॉलिथीनला कानस लावायची नाही, त्याचे तंतू निघतात आणि रंगाखाली ते दाढीच्या खुंटांसारखे दिसतात. साच्याची रेघ नव्या पात्याने एका दिशेने तासायची, बस्स.

आता आपल्या मुख्य मुद्द्याविषयी. कवळी बसवताना आम्ही आधी जबडा कसा मिटतो ते पाहतो, दातांचा रंग त्यानंतर. त्यामुळे पवित्र्याच्या बाजूने माझे एक मत धरावे. मात्र नुसता गुडघा दुमडून काम भागत नाही. गुडघा दुमडला की धडाला कमरेतून पुढे यावे लागते, नाहीतर माणूस अदृश्य खुर्चीवर बसलेला दिसतो. मी कंबरेतूनही एक आडवा छेद घेऊन धड काही अंशांनी वळवतो. शेला याच छेदावर येतो, त्यामुळे जोड झाकला जातो. शेल्याचा हा उपयोग मावळ्यांनाही ठाऊक नसेल.

गारगोटी (ऐरोली)

एवढी कापाकापी कशासाठी? आता रेझिनचे थ्रीडी प्रिंटर घरात बसतील एवढे झाले आहेत. संगणकावर हवा तो पवित्रा देऊन तीस मावळे एका रात्रीत छापता येतात.

मेणकोरणी

आमच्या कामात रेझिन प्रिंटर रोज चालतो, त्यामुळे बोलतो. काम उत्कृष्ट होते. पण अर्ध्या मिलिमीटरचा भाला ठिसूळ रेझिनमध्ये छापून तो मुलांच्या हाती दिवाळीचे पाच दिवस द्यायचा असेल तर शुभेच्छा. कच्चे रेझिन त्वचेला बाधते, धुण्याचे द्रव उग्र असते, आणि दोन खोल्यांच्या घरात ते सर्व कुठे ठेवणार हा प्रश्न राहतोच. शिवाय संगणकावरही पवित्रा कोणीतरी डोळ्याने पाहूनच द्यावा लागतो. गोविंदांच्या सरावाला जाणे चुकत नाही.

खाडीपलीकडची (नेरुळ)

मी शाळेत चित्रकला शिकवत असे, आता निवृत्त आहे. नातवासाठी सुरू केलेले हे काम नातू विसरला आणि माझ्याकडे राहिले.

रंग सुटण्याचे कारण आधी सांगते. हे प्लास्टिक मुळात तेलकट वृत्तीचे असते, आणि त्यावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थरही असू शकतो. सैनिक चौकटीवरच असताना भांडी घासायच्या द्रवाने, जुन्या दातघाशीने घासून धुवावेत आणि नंतर बोट लावू नये. मोटारीच्या बंपरला रंग देण्याआधी मारतात तो प्लास्टिकचा प्राइमर रंगकाम करणाऱ्या गॅरेजमध्ये मिळतो. त्याचा अगदी विरळ हात दिला तर वरचा अ‍ॅक्रिलिक रंग धरतो. तरीही घोटा लवचीक आहे आणि रंग नाही, हे लक्षात ठेवावे. मेणकोरणी दादांनी सांगितलेली तार घोट्यापर्यंत उतरवली, तर तो वाकणार नाही आणि रंगही तडकणार नाही.

फवाऱ्याचा प्राइमर थर्मोकोलच्या जवळपास नेऊ नये. माझ्या पहिल्या किल्ल्याचा बुरूज माझ्या डोळ्यांदेखत साखरेसारखा विरघळला.

आता रंगवण्याविषयी, आणि इथे माझे म्हणणे येऊरपायथा यांच्या मुद्द्याला जोडूनच आहे. हातात धरलेला सैनिक आपण डोळ्यांपासून सुमारे साठ सेंटिमीटरवर पाहतो. १:७२ च्या हिशेबाने ते अंतर त्रेचाळीस मीटर होते. त्रेचाळीस मीटरवरच्या माणसाची बुबुळे आपल्याला दिसतात का? तरीही नवशिक्या मंडळी तीन शून्यांचा (अतिबारीक) ब्रश आणून आधी डोळे काढतात आणि सैनिक भुताने झपाटल्यासारखा दिसू लागतो. त्रेचाळीस मीटरवरून आपल्याला दिसते ते एवढेच : मुंडाशाखालची सावली, खांद्यावरचा उजेड, वाकलेल्या गुडघ्यावरचा उजेड आणि त्यामागचा अंधार. म्हणजे पवित्राच दिसतो. रंगाचे कामही तोच दाखवण्याचे आहे.

माझी पद्धत अशी. सबंध आकृतीला गडद तपकिरी पहिला हात द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर फिकट राखाडी रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त वरच्या बाजूने, सूर्य जिथून येईल तिथून, ओढावा. आता आकृती उचलून बघावी. कोणताही रंग न देता माणूस चढताना दिसत असेल तर पुढे जावे. दिसत नसेल तर पवित्रा चुकला आहे, परत मेणकोरणी यांच्याकडे पाठवावा. त्यानंतरचे रंग पातळ द्यावेत, म्हणजे खालचा उजेड-अंधार टिकतो. सगळ्याच कडा उजळवू नयेत. पुढच्या पायाचा गुडघा, खालचा खांदा, कपाळाच्या वरची मुंडाशाची घडी, एवढे पुरे.

कातडीच्या रंगाची परदेशी बाटली घेऊ नका. तिच्यातला गुलाबी रंग आपल्या उन्हातल्या माणसाचा नाही. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर यांचे मिश्रण करा, सावलीसाठी त्यात बर्न्ट अंबर आणि कणभर अल्ट्रामरीन घाला, आणि उजेडासाठी पांढरा न घालता ऑकरच वाढवा. पांढऱ्याने सावळी कातडी राख फासल्यासारखी दिसते. हे मी तीस वर्षे मुलांना सांगत आले आहे.

कपड्यांचे रंग भडक नकोत. पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्ये निघाला. त्याआधीचे कापड मंजिष्ठ, नीळ, हळद, करडईची फुले यांनी रंगत असे. करडईचा कुसुंबी रंग उन्हात लवकर विटतो, मंजिष्ठेचा तांबडा टिकतो. म्हणून एकाच तुकडीत दोन माणसांचे तांबडे सारखे ठेवू नयेत. पांढरे कापड म्हणजे मांजरपाटाचा पिवळट पांढरा. शुद्ध पांढरा फक्त उजेडाच्या टोकावर, तोही ब्रशने जेमतेम स्पर्शून. आणि भगवा बाटलीतून थेट लावलात तर तुमचा मावळा मिरवणुकीतला वाटेल.

शेवटी ब्रश. एक नंबरचा, टोक शाबूत असलेला ब्रश तीन शून्यांच्या ब्रशपेक्षा बारीक काम करतो, कारण त्याच्या पोटात रंग राहतो आणि टोकावर तो वाळत नाही. टोक करण्यासाठी ब्रश तोंडात घालण्याची सवय कृपया मोडावी. काही रंगद्रव्ये विषारी असतात.

नववी_ब (कळवा)

काका, ताई, मला पण करायचे आहे, पण परदेशी रंग आणि सैनिकांचे डबे खूप महाग आहेत. कमी पैशांत सुरुवात कशी करावी, हे कृपया सांगावे.

खाडीपलीकडची

बाळा, कॅमलचे अ‍ॅक्रिलिक रंग पुरतात. त्यांचे कण थोडे जाड असतात, त्यामुळे एका दाट हाताऐवजी तीन पातळ हात द्यावेत. तांबडा, पिवळा ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, पांढरा आणि काळा एवढ्या सात नळ्यांत सबंध मावळे होतात. एकच चांगला ब्रश घे.

मेणकोरणी

आणि पहिला डबा विकत घेऊ नकोस. खेळण्यांच्या दुकानात पिशवीत मिळणारे हिरवे सैनिक घे. ते बहुधा मोठ्या मापाचे आणि ओबडधोबड असतात, पण गुडघा कसा कापायचा हे शिकायला उत्तम आहेत. दहा बिघडले तरी रडू येणार नाही. पाते वापरताना घरातले मोठे माणूस जवळ असू दे, आणि कापताना पाते नेहमी स्वतःपासून दूर जाऊ दे.

डबा घेशील तेव्हा आणखी एक गोष्ट बघ. एअरफिक्स कंपनीचे जुने संच मुळात १:७६ च्या आसपासचे होते आणि पुढे त्यांवर १:७२ छापले गेले. तो माणूस बावीस-तेवीस मिलिमीटरचा भरतो. मराठी तुकडीत एक-दोन बुटके असायला हरकत नाही, पण सगळी तुकडी तशी नको.

येऊरपायथा

गेल्या तीन महिन्यांतली प्रगती कळवतो.

मेणकोरणी यांच्या पद्धतीने अकरा झुलूंचे गुडघे आणि कमरा फिरवल्या. पहिले दोन वितळून गेले, बाकीचे नऊ टिकले; सहा आठवडे झाले तरी एकही खाच उघडलेली नाही. अंगरख्याचा घेर एम-सीलऐवजी टिश्यू पेपरने केला. एम-सील पंधरा-वीस मिनिटांत हाताला ऐकेनासे होते आणि त्याची पातळ कड दाणेदार येते. मुंडाशासाठी ते छान, कापडासाठी नाही. टिश्यूची पट्टी पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून ओल्या ब्रशने अंगावर बसवली की घड्या आपोआप पडतात, आणि धावणाऱ्या माणसाचा घेर मागे उडतो आहे असे वाटते.

याच टिश्यूने मागच्या दिवाळीत माझी फजिती झाली होती, ती सांगून टाकतो. किल्ल्यावर हळीव पेरले होते आणि मुले रोज सकाळी निष्ठेने पाणी शिंपडत होती. साधा पांढरा फेविकॉल पाण्यात पुन्हा नरम होतो. तिसऱ्या दिवशी दोन मावळ्यांचे शेले सुटून पायात आले होते. आता मी पाण्याला टिकणारा फेविकॉल मरीन वापरतो आणि वरून वार्निशचा हात देतो.

वार्निशही सांभाळून. ऑगस्टमध्ये, पाऊस कोसळत असताना, गॅलरीत उभे राहून मॅट वार्निशचा फवारा मारला आणि सहा मावळे धुक्यात गेले. हवेतल्या दमटपणामुळे वार्निश पांढरे पडते. खाडीपलीकडच्या ताईंनी निरोपात सुचवल्याप्रमाणे ब्रशने चकचकीत वार्निशचा एक हात दिल्यावर धुके बरेचसे गेले, आणि चकाकी मारण्यासाठी नंतर ब्रशनेच मॅट दिले. ठाण्यात जून ते सप्टेंबर फवारा कपाटात ठेवावा.

राखाडी हाताची परीक्षा सर्वांवर घेतली. नऊपैकी सात पास झाले. उरलेल्या दोघांत गुडघा, कंबर, खांदा सगळे ठीक असूनही माणूस चढत नव्हता. दोन दिवस टेबलावर ठेवून पाहिल्यावर लक्षात आले की त्यांची नजर समोर होती. मान कापून, तारेवर मागे झुकवून पुन्हा बसवली आणि दोघेही कड्याला लागले.

ठासणी

फोटो पाहिले. तिसऱ्या मावळ्याच्या कमरेची कट्यार तपासून घ्या. बाकी तक्रार नाही, आणि हे मी सहसा लिहीत नाही.

त्या पहिल्या नऊ फ्रेंचांचे काय केलेत? टाकून दिले नसतील तर एक सुचवतो. माहुलीवर ते साहेब दिसतात, कारण ते कवायतीत उभे आहेत. पण आपल्याकडेही कवायती पायदळ होतेच. इब्राहिमखान गारद्याची माणसे युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेली होती, त्यांच्याकडे चकमकीच्या बंदुका होत्या, आणि ती १७६१ मध्ये पानिपतावर लढली. तिथे ताठ गुडघा आणि सरळ कणा हीच खरी खूण आहे.

येऊरपायथा

टाकले नव्हते, बुटाच्या खोक्यात होते. काल रात्री काढले. मुंडाशी आहेत तीच ठेवली, पायांना हात लावला नाही, आणि छाटलेल्या संगिनींच्या जागी पिनेची टोके बसवली. रांगेत उभे करून आजींना दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “हे पलटणीतले दिसतात.”

कट्यार आज तपासतो. घोड्यांचा प्रश्न मोठा आहे, त्याचा धागा वेगळा काढेन.